लिहिणे

लिहिणे (सकर्मक क्रियापद, संस्कृत ‘लिख्’, म्हणजे ओरखडणे, रेघ ओढणे). अक्षरे उमटवणे हा प्रमाण मराठीतला पहिला अर्थ. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या पट्ट्यातील वारली समाजात मात्र लग्नघरी भिंतीवर चौक (विधीचे चौकोनी चित्र) काढण्यालाही ‘लिहिणे’ म्हणतात.

कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने सवाशिणी चौक लिहितात. चौकटीच्या मधोमध पालघट देवी. देवचौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा पंचशिऱ्या. धवलेरी ही पुरोहित स्त्री गाणी म्हणत विधी चालवते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. देवीला घरात बोलावण्याचे हे काम आहे. त्याला सजावट म्हणणे अपुरे आहे.

हा अर्थ लाक्षणिक मानू नये. संस्कृतात लिहिणे आणि चित्र रेखाटणे यांना धातू एकच, आणि ‘चित्रलिखित’ या शब्दात त्याची खूण मराठीतही राहिली आहे. स्वतःची लिपी नसलेल्या वारली बोलीने हा मूळ अर्थ वापरात जिवंत ठेवला, म्हणून या नोंदीत त्याला मानाचे स्थान हवे. कलावंत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने १९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी ती जगभर नेली.

लाक्षणिक अर्थ : पाचवीच्या किंवा सटीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून ‘कपाळी लिहिलेले’ म्हणजे नशीब. ‘लिहून ठेव’ म्हणजे खात्रीने सांगणे. ‘नावे लिहिणे’ म्हणजे उधारी मांडणे.

‘लिहून देणे’ म्हणजे दस्तऐवज करून हक्क सोडणे किंवा कबुली देणे. खरेदीखतात आजही ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष असतात. ज्याला वाचता येत नसे, त्याच्यासाठी हा अर्थ फार जड होता; वारल्यांच्या कर्जात ते दिसते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेऊन ते फेडण्यासाठी राबणाऱ्या वारल्याला ‘लग्नगडी’ म्हणत; या वेठीविरुद्ध १९४५मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला.

‘नावावर लिहिणे’ म्हणजे मालकी किंवा हक्क नोंदवणे. वनहक्क कायद्यानुसार (२००६) विवाहित दावेदाराच्या वनहक्कपत्रावर नवरा-बायको दोघांचीही नावे लिहावी लागतात.