सात मात्रांचा बंदोबस्त

माणसाला पाय दोन, म्हणून नाचाच्या मात्रा चार, असा एक समज आहे. डावा-उजवा, डावा-उजवा, झालं एक आवर्तन! आमच्या वरच्या मजल्यावरचा कॉलेजकुमार या पंथाचा. त्याच्या खोलीतून अहोरात्र 'ढिप् ढिप् ढिप् ढिप्' चालू असतं. याला इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक म्हणतात. एकदा जिन्यात गाठून मी त्याला विचारलं, "काय रे, तुमच्यात कधी रूपक, झपताल असं काही वाजत नाही का?" तो म्हणाला, "काका, पाय दोनच आहेत ना!"

उत्तर बिनतोड वाटतं, पण टिकत नाही. ग्रीक माणसंही दोनच पायांची. त्यांचा कलामातियानोस नावाचा लोकनाच मात्र सात मात्रांचा, विभाग तीन-दोन-दोन. म्हणजे शुद्ध आपला रूपक! त्यावर तिथे लग्नांतून सगळं गणगोत हातात हात घालून फेर धरतं आणि कोणाचा पाय मुरगळत नाही. तेव्हा पाय निर्दोष सुटले.

मग गुन्हेगार कोण? एक म्हणजे डीजे. चालू तबकडी संपायच्या आत दुसरी तिला बेमालूम जोडायची, हा त्याचा धंदा. चाराला चार जोडणं म्हणजे मालगाडीला डबा जोडणं. चाराला सात जोडले, तर दोघांची सम पुन्हा एकत्र यायला 28 मात्रा लागतात. तोवर नाचणारी मंडळी चहाला गेलेली असतात.

दुसरा गुन्हेगार म्हणजे यंत्र. 1980 साली जपानच्या रोलंड कंपनीने टीआर-808 नावाचं तालयंत्र काढलं. त्यावर ओळीने 16 बटणं. बरोब्बर तीनताल! सोळा घरं समोर मांडून ठेवल्यावर तेरावर उठेल असा संयमी पुरुष कुठे सापडायचा? हे यंत्र लवकरच मुंबईतही पोचलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली ते आणि रोलंडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललत, मालकंस, सगळे आले. तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली आणि जग थक्क झालं. कारण शिकागोत ज्याला पुढे अ‍ॅसिड हाउस म्हणू लागले, तसलंच काहीसं इथे आधीच वाजून गेलं होतं. पण बारकाईने ऐका. राग दहा, ठेका एकच!

हा ठेका पुढे थेट कायद्याच्या पुस्तकात गेला. मे 1992 मध्ये इंग्लंडातल्या कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो तरुण जमले आणि आठवडाभर नाचत राहिले. आजूबाजूच्या गावांची झोप उडाली, त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण सरकारने 1994 च्या कायद्यात जे केलं, ते कुठल्याही गवयाला सुचलं नसतं. रात्री उघड्यावर शंभर माणसं जमवून मोठ्याने संगीत लावलं, तर पोलिसांनी त्यांना उठवावं. आणि 'संगीत' या शब्दात एकामागून एक पुन:पुन्हा येणारे ठोकेही धरावेत! या व्याख्येत आमच्या आळीतलं एकादशीचं भजनसुद्धा बसतं.

याला उत्तर दिलं ऑटेकर या जोडगोळीने. नाव ऐकून कोकणातले वाटतात, पण आहेत इंग्लंडातल्या रॉचडेलचे. कायदा व्हायच्या आधीच, सप्टेंबर 1994 मध्ये, त्यांनी एक तबकडी काढली. तिच्यातली 'फ्लटर' ही रचना अशी बांधली, की एका आवर्तनातले ठोके दुसऱ्या आवर्तनात तसेच यायचे नाहीत. म्हणजे पुनरावृत्ती नाही, म्हणजे गुन्हा नाही! वेष्टनावर सल्लाही छापला: वाजवताना एक वकील आणि एक संगीतज्ञ जवळ बाळगा. तबकडीचा नफा नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या 'लिबर्टी' या संस्थेला. हसू येतं खरं. पण चार माणसांनी एकत्र जमून नाचावं की नाही, हे ठोके मोजून ठरवायला निघालेल्या सरकारला त्यांनी ठोक्यांतच जाब विचारला.

कायदा नोव्हेंबरात झालाच. 2003 साली तर शंभराचे वीसच उरले. ठेका मात्र मोकळा झाला. कॅनडातल्या व्हेनिशियन स्नेअर्स या संगीतकाराने 2005 साली हंगेरियन नावाची एक अख्खी तबकडी काढली, ती बहुतेक सातातच. यंत्र तेच, मोजणारा बदलला.

आपल्याकडचा कायदा त्या मानाने रसिक म्हणायचा. तो डेसिबल मोजतो, मात्रा मोजत नाही. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45. त्या मर्यादेत तुम्ही धमार वाजवा नाहीतर ढिप् ढिप्. एवढंच, की ही मर्यादा गणपतीच्या दिवसांत पाळली जाते का, हे विचारायला जावं, तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही.