दुरुस्ती कर्मशाळांतील कार्याध्ययन व कालमापन
एखादे काम ज्या क्रियांनी पुरे होते, त्यांचे पृथक्करण करून अनावश्यक क्रिया वगळणे यास कार्यपद्धतीचे अध्ययन व उरलेल्या क्रियांना लागणारा वाजवी वेळ ठरविणे यास कालमापन म्हणतात. या शास्त्राचा पाया अमेरिकेत फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) यांनी घातला. परंतु त्यांचे प्रयोग मुख्यतः उत्पादनाच्या कामावर झाले. तेथे एकच नग पुनःपुन्हा तयार होत असल्याने वेळ मोजणे सोपे असते. दुरुस्तीचे तसे नाही. एंजिन उघडून पाहिल्याशिवाय त्यात काय बिघडले आहे ते समजत नाही आणि एकाच जातीची दोन एंजिने सारखी झिजलेली नसतात. त्यामुळे दुरुस्तीच्या कामाचे मापन होणेच शक्य नाही, असे मानले जात असे.

हा समज दूर करणारा पहिला मोठा प्रयोग हॅरिंग्टन एमर्सन (१८५३–१९३१) यांनी सँटा फे रेल्वेच्या कर्मशाळांत १९०४–०७ या काळात केला. कॅनझस राज्यातील टोपीका येथील कर्मशाळा हे त्याचे केंद्र होते. १९०४ मध्ये तेथे यंत्रकारांचा संप झाला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एमर्सन यांनी संपूर्ण एंजिनाऐवजी त्यावरील सुट्या क्रियांना एकक मानले. बाष्पित्रातील नळ्या काढणे, चाकांच्या धावा कातणे, धारवे बसविणे या क्रिया प्रत्येक एंजिनावर कमीअधिक प्रमाणात कराव्याच लागत. तेव्हा प्रत्येक क्रियेचा प्रमाणवेळ ठरवून त्यांची बेरीज करता येई. याहून महत्त्वाचे म्हणजे, कामगाराचा पुष्कळसा वेळ हत्यार शोधण्यात व सुट्या भागांची वाट पाहण्यात जातो, हे त्यांनी ओळखले. म्हणून हत्यारे मध्यवर्ती ठिकाणी प्रमाणित आकारांची बनविण्यात आली, यंत्रांच्या पट्ट्यांची देखभाल स्वतंत्रपणे सोपविण्यात आली व कामांचा क्रम आधीच आखला जाऊ लागला.

वेतनपद्धतीत प्रमाणवेळ भागिले प्रत्यक्ष वेळ या गुणोत्तरास कार्यक्षमता म्हटले जाई. सहा तासांचे काम आठ तासांत झाल्यास ती ७५ टक्के होय. रोजची मजुरी कायम राहून सु. ६७ टक्क्यांपुढे अधिलाभांश सुरू होई व १०० टक्क्यांस तो मजुरीच्या २० टक्के होई.

१९१० मध्ये रेल्वे कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाढवून मागितले. कार्यक्षमता वाढविल्यास त्या दररोज दहा लाख डॉलर वाचवू शकतील, अशी साक्ष एमर्सन यांनी दिली. या आकड्याने मोठी खळबळ उडाली. पण तो अंदाजच होता. कामगारांना मात्र यात निराळाच धोका दिसला. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच लावून वेळ मोजण्यास ओतारींनी विरोध केला व ते संपावर गेले. काँग्रेसने याची चौकशी केली आणि १९१५ पासून खर्चमंजुरीच्या कायद्यांद्वारे शासकीय आस्थापनांत कालमापनास बंदी घातली. ती १९४९ पर्यंत टिकली. ओतारींचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही, कारण प्रमाणवेळ कोणी व कोणत्या कामगारावरून ठरवावा, याचे समाधानकारक उत्तर टेलर यांच्यापाशी नव्हते.

पुढे प्रत्येक दुरुस्तीचे घड्याळ लावून मापन करण्याऐवजी निवडक नमुनाकामांचा वेळ ठरवून इतर कामे त्यांच्याशी ताडून पाहण्याची रीत रूढ झाली. वेळ नेमक्या मिनिटांत न देता मर्यादांच्या पट्ट्यात देणे हे दुरुस्तीच्या स्वभावाशी अधिक जुळते. भारतात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या तज्ञांनी १९५२ पासून कार्याध्ययनाचा प्रसार केला. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि १९६३ मध्ये मुंबईत पवई येथे या विषयाच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.