माग शिवेपर्यंत

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीने विचारलं, "रात्री दारात कुणी दारू पिऊन धिंगाणा घातला, तर पहिला फोन कुणाला करायचा?" कुणी म्हणाली सरपंचताईंना, कुणी पोलीस पाटलांना, कुणी 112. विचारणारीवर ती वेळ येऊन गेली होती. गाडी दोन तासांनी आली. आत एकच शिपाई, बाई कुणी नाही. बाकीचे यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेले.

पेशवाईत आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गावांत पोलीस ठाणं नव्हतंच. जबाबदार पाटील, राखणीला महार आणि रामोशी. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग शेजारच्या शिवारात शिरला की पुढचं त्या गावानं बघायचं. जिथं माग थांबेल, त्या गावानं चोर द्यायचा, नाहीतर गेलेला माल भरून द्यायचा. म्हणजे हात झटकायची सोय नव्हती. "ही आमची हद्द नाही" हे उत्तर आपण किती वेळा ऐकलंय! 1 जुलै 2024 पासूनच्या कायद्यानं मात्र दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावीच लागते.

त्या जुन्या रीतीचं आम्ही फार कौतुक करत नाही. रात्रभर जागायचं महार-रामोशांनी, मान पाटलाचा. पंचांत बाई तर नसायचीच.

इंग्रजांनी 1867 मध्ये गाव पोलिसांचा कायदा केला, पण पाटीलकी वंशपरंपरेनंच चालली. महार वतन रद्द करणारा कायदा 1958 चा, मुलकी पाटील हे पद संपवणारा 1962 चा. मग 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं आजचा पोलीस पाटील आला. आता प्रांतसाहेब नेमणूक करतात, आणि बाईही पोलीस पाटील होते. पाटलीणबाई म्हणजे पाटलाची बायको, हा अर्थ आता जुना झाला.

ठाणी आहेत. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा. इकडे घोडेगाव, मंचर, पारगाव. पण आहुपे किंवा घाटघरच्या बाईला ठाणं लांबच. त्यात रात्री बिबट्याची भीती, एकटी निघणार कशी? म्हणून गावातला माणूस महत्त्वाचा. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे पोलीस पाटलाचं कामच आहे. सरपंच आणि सदस्यांच्या हाती पोलिसांचा अधिकार नाही, पण ग्रामसभेत विषय घेणं, ठराव करणं, तो ठाण्यात पोचवणं त्यांच्या हाती आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथं हा विषय आपणच मांडायचा. 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा समित्या झाल्या, फलक लागले. काही गावांत आता फलकच उरलाय.

आम्ही काय केलं? सरपंचताई, पोलीस पाटील आणि ठाण्यातल्या महिला शिपाई, तिघींना गटाच्या बैठकीला बोलावलं. "बंदोबस्ताच्या दिवशी कुणाला फोन करायचा?" हा प्रश्न समोरच विचारला. तिघींचे नंबर प्रत्येकीने बचत गटाच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून घेतले. त्या रात्रीवाल्या आमच्या मैत्रिणीनं ते भिंतीवर कोळशानंसुद्धा लिहिलेत. पुढच्या यात्रेआधी पुन्हा बसायचं ठरलंय.