कमी ॲलर्जीकारक भुईमूग : हैदराबादजवळील संशोधन

भुईमुगाच्या दाण्यात सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात. प्रथिनांचा हा स्वस्त साठा बहुतेकांना मानवतो. काहींच्या मात्र चिमूटभर कूटही जिवावर बेतू शकते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा दाण्यातील काही प्रथिनांना शत्रू मानते आणि अंगावर गांधी उठणे, घसा सुजणे, श्वास कोंडणे अशी लक्षणे बहुधा काही मिनिटांतच उद्भवतात.

या प्रथिनांना शास्त्रज्ञ 'आरा एच' या नावाने क्रमांक देतात. त्यांपैकी २ व ६ क्रमांकांची प्रथिने सर्वाधिक उपद्रवी. गंधकाच्या बंधांनी त्यांची घडण इतकी घट्ट असते की उष्णता आणि जठररस त्यांना सहजी मोडू शकत नाहीत. भाजल्याने दाण्याची चव खुलते, तशी ॲलर्जीकारकताही वाढू शकते. उकडताना काही प्रथिने पाण्यात उतरतात. तरी उकडलेल्या शेंगा ॲलर्जी असणाऱ्याला निर्धोक ठरत नाहीत.

हैदराबादजवळ पतनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था या प्रश्नाकडे बियाण्याच्या बाजूने पाहते. भुईमुगाच्या एका रानटी पूर्वजाचा जनुकीय आराखडा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या या कामात ॲलर्जीशी संबंधित २१ संभाव्य जनुके आढळली. २०१९ मध्ये संस्थेच्या संशोधकांनी बियाण्यातील पाच प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिने मोजण्याची सुधारित पद्धत मांडली. मोजमाप हीच येथे खरी मेख आहे. कोणत्या वाणात कोणते प्रथिन किती, हे कळल्याखेरीज संकरासाठी निवड करणार कशी?

अडचण अशी की, यांतील बरीचशी प्रथिने म्हणजे रुजणाऱ्या अंकुराची शिदोरी. ती सरसकट काढून टाकली तर बी उगवण्यावर व दाण्याच्या पोषणमूल्यावर परिणाम होऊ शकतो. शिवाय एक प्रथिन घटले तरी दुसरे शिल्लक राहतेच. त्यामुळे 'कमी ॲलर्जीकारक' याचा अर्थ 'ॲलर्जीमुक्त' असा घेता येत नाही.

तेलाबाबतही असाच भेद आहे. शुद्धीकरण केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळपास उरत नाहीत. घाण्यावरच्या तेलात ती राहू शकतात. वेष्टनबंद पदार्थात शेंगदाणा असल्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार तसा उल्लेख बंधनकारक आहे. सुट्या चिक्कीबाबत किंवा उपाहारगृहातील खिचडीबाबत मात्र विचारूनच खात्री करावी लागते.