कोलकात्याचे कॉफी हाउस : एका बैठकीचा इतिहास

कॉफी पिण्यासाठी म्हणून प्रवास करणारा एक नवा यात्रेकरू गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उदयास आला आहे. ऑस्लो, कोपनहेगन, स्टॉकहोम ही त्याची क्षेत्रे. तेथील दुकानांतून कॉफीचे बुंद हलकेच भाजतात. भाजणी फिकी ठेवली की जळक्या कडवटपणाखाली दडून जाणारी आंबूस, फळासारखी चव शाबूत राहते, आणि दाणा कोणत्या डोंगरावर पिकला हे जिभेला ओळखता येते, असा या पंथाचा विश्वास आहे. 2000 साली मोंटे कार्लो येथे झालेली कॉफी बनविणाऱ्यांची पहिली जागतिक स्पर्धा रॉबर्ट थोरेसन या नॉर्वेजियन गृहस्थाने जिंकली. 2004 साली तोच मान टिम वेंडेलबो याला मिळाला, आणि त्याने 2007 मध्ये ऑस्लोत काढलेले दुकान आज या यात्रेतील एक मुख्य ठाणे समजले जाते. दूध नाही, साखर नाही. पेल्याबरोबर मळ्याचे नाव मात्र आवर्जून सांगितले जाते.

स्कँडिनेव्हियाचा आणि आपल्या कॉफीचा संबंध तसा जुना आहे. मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालून निघालेला माल उत्तर युरोपात पोहोचेपर्यंत समुद्राच्या दमट हवेने फुगून पिवळसर पडे. पुढे 1869 साली सुएझचा कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आखूड झाला. आणि ताजा, हिरवा दाणा हाती पडताच तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव आठवू लागली, असे कॉफीच्या व्यापारात सांगतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी गोदामाची दारे पावसाळी वाऱ्याला उघडी ठेवून दाणा मुद्दाम फुगवायला सुरुवात केली. 'मॉन्सून्ड मलबार' हे तिचे आजचे नाव. सांगण्याचा मुद्दा इतकाच, की चवीत भूगोल शोधण्याची हौस आजची नव्हे.

पण भारतातील ज्या कॉफीगृहाकडे परगावचा आणि परदेशचा साक्षर प्रवासी सर्वाधिक आस्थेने वळतो, तेथे या हौसेला काही स्थान नाही. ते चिकमगळुरात नाही, कोडगूतही नाही. 1861 पासून चहाचे लिलाव करीत आलेल्या कोलकात्यात, कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजाराला लागून, बंकिम चॅटर्जी स्ट्रीटवर ते उभे आहे. तेथील कॉफी फारशी चांगली नसते, हे तेथे रोज बसणारेही खाजगीत कबूल करतात. मग लोक जातात ते कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर बंगाली माणूस 'अड्डा' या एका शब्दात देतो आणि मोकळा होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला तसे मोकळे होता येत नाही.

जागा जुनी आहे. 1876 च्या एप्रिलमध्ये येथे अल्बर्ट हॉल स्थापन झाला. त्यामागे केशवचंद्र सेन यांची खटपट होती. त्याच वर्षी 26 जुलै रोजी या सभागृहात 'इंडियन असोसिएशन'ची स्थापना झाली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचा लहान मुलगा त्याच दिवशी वारला होता, आणि तरीही ते सभेला उपस्थित राहिले. त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात ही हकीगत लिहून ठेवली आहे. 1883 च्या डिसेंबरात पहिली 'नॅशनल कॉन्फरन्स' येथेच भरली. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रसभा भरण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे.

कॉफी मात्र आली ती 1942 साली. हे साल नीट लक्षात ठेवले पाहिजे, कारण या वास्तूभोवती दंतकथांचे रान माजले आहे. रवींद्रनाथ आणि सुभाषचंद्र येथे कॉफी पीत चर्चा करीत, असे प्रवाशांसाठी लिहिलेल्या मजकुरातून सर्रास आढळते. रवींद्रनाथ 1941 च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. सुभाषबाबू त्याच वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्यातून अदृश्य झाले. अल्बर्ट हॉलच्या एखाद्या सभेशी त्यांचा संबंध येणे निराळे. येथील कॉफी त्यांनी पिणे कालगणनेला धरून नाही. तरीही सभागृहाच्या भिंतीवर रवींद्रनाथांचीच मोठी तसबीर आहे, आणि जेथे ते कधी कॉफीला बसले नाहीत तेथील बैठकीचे अध्यक्षपद त्यांनी कायमचे भूषवावे, हे बंगालच्या एकंदर स्वभावाशी सुसंगतच म्हटले पाहिजे.

कॉफी 1942 मध्येच का आली? याचे उत्तर साहित्यात नाही, बाजारात आहे. तिशीच्या दशकातील मंदीत कॉफीचे भाव कोसळले, मळेवाले संकटात सापडले. देशातच गिऱ्हाईक निर्माण करावे म्हणून एक समिती नेमण्यात आली आणि तिने 1936 साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले 'इंडिया कॉफी हाउस' उघडले. पुढे महायुद्धाने युरोपची पेठ बंद केली, आणि 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्डाला पक्के अधिकार मिळाले. मळेवाल्याने आपला माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायचा, बोर्डाने तो विकायचा, अशी ती व्यवस्था होती. या साठ्यात पडलेल्या दाण्याला गाव राहत नसे, मालक राहत नसे. ही सक्तीची साठवण 1996 पर्यंत टप्प्याटप्प्याने संपली, आणि त्यानंतरच मळ्याच्या नावाने विकली जाणारी, फिकी भाजलेली कॉफी आपल्या शहरांतून दिसू लागली. म्हणजे ऑस्लोतील पेला ज्या नावागावाचा अभिमान बाळगतो, ते पुसून टाकणाऱ्या यंत्रणेनेच कलकत्त्याचे कॉफी हाउस उभारले. ते सरकारी माल खपविण्याचे एक ठिकाण होते.

या विक्रीकेंद्राची एक विशेषता अशी, की नफा हे त्याचे पहिले उद्दिष्ट नव्हते. लोकांना कॉफीची सवय लावणे हे होते. सवय लावायची तर गिऱ्हाइकाला उठवून कसे चालेल? अठराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांवरून हाबरमास यांनी लोकमताच्या उदयाचा सिद्धान्त मांडला, आणि आपल्याकडील अभ्यासक तो कलकत्त्याला सहज लावतात. परंतु ती दुकाने खाजगी मालकांची होती. येथे टेबल मांडणारे सरकार होते, आणि त्या टेबलाशी बसून तरुण मंडळी सरकारलाच शिव्या घालीत होती. पहिल्या वर्षीच डिसेंबरात शहरावर जपानी बाँब पडले. दुसऱ्या वर्षी दुष्काळाने ग्रासलेली माणसे याच शहराच्या पदपथांवर मरून पडली. कॉफी हाउसच्या जन्मकाळाचे हे चित्र आठवणींच्या लेखनात क्वचितच येते.

'अड्डा' या शब्दापाशी मराठी वाचकाला थोडे थांबावे लागते. आपल्याकडे जुगाराचा अड्डा असतो, दारूचा असतो. सभ्य माणसाने तेथे दिसू नये असे ते स्थान. बंगालीत हाच शब्द प्रतिष्ठित आहे, किंबहुना संस्कृतीचे लक्षण म्हणून मिरवला जातो. पु. ल. देशपांडे यांच्या 'वंगचित्रे'ने बंगालचे हे रूप मराठी घरांत कौतुकाने पोहोचविले. आपल्या 'पार' आणि 'कट्टा' या शब्दांना अड्ड्याचा निवांतपणा आहे. पण वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळालेली नाही.

कलकत्त्यात ती मिळाली, कारण तेथील टेबलांनी नियतकालिके जन्माला घातली. चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवरील दुसऱ्या कॉफी हाउसात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदी मंडळी जमत. 1947 ची कलकत्ता फिल्म सोसायटी याच वर्तुळातली. तेथील दोन दालनांना 'हाउस ऑफ लॉर्ड्स' आणि 'हाउस ऑफ कॉमन्स' अशी नावे पडली होती, यावरून खिसा पाहून बसण्याची रीत तेथेही होती असे दिसते. कॉलेज स्ट्रीटची मंडळी अधिक तरुण, अधिक फाटकी. 1953 साली सुरू झालेल्या 'कृत्तिबास'चे सुनील गंगोपाध्याय, शक्ती चट्टोपाध्याय. 1961 पासून 'एक्षण' चालविणारे निर्माल्य आचार्य आणि सौमित्र चट्टोपाध्याय. त्याच वर्षी पाटण्याहून पहिले पत्रक काढणारे, आणि 1964 मध्ये अटकेला तोंड देणारे 'हंग्री' पिढीचे कवी. 1962-63 मध्ये अ‍ॅलन गिन्सबर्ग काही महिने कलकत्त्यात राहिला तेव्हा तोही या बैठकीत येऊन बसला. त्याआधी तो मुंबईत होता. मराठीतील लघुनियतकालिकांची चळवळ त्याच सुमारास जोर धरीत होती, आणि तिचे एक अध्वर्यू अशोक शहाणे बंगालीचे जाणकार होते, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासाने या काळाचा विचार नियतकालिकांच्या आधारे केला आहे. 'सत्यकथा' आणि तिच्याविरुद्धचे बंड, 'शब्द', 'असो' ही आपली परिमाणे. ती चुकीची नाहीत. परंतु पहिला अंक निघण्यापूर्वी चार माणसांना चार तास कोठे बसता आले, आणि त्याचे किती पैसे पडले, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाला घरी मित्र आणणे शक्य नव्हते. इराण्याच्या हॉटेलात पाट्या टांगलेल्या असत. अरुण कोलटकर आणि त्यांचे स्नेही वर्षानुवर्षे दर गुरुवारी काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये जमत, आणि त्या खिडकीतून दिसलेल्या चौकावर एक संपूर्ण इंग्रजी काव्यसंग्रह उभा राहिला. ते उपाहारगृह पुढे बंद झाले. मंडळी फोर्टातल्या 'मिलिटरी कॅफे'त जाऊ लागली. टेबलाच्या मालकाने दार लावले की आपल्याकडे एवढेच उरते.

कलकत्त्यात निराळे घडले. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे मिटविण्याचे ठरविले. 1958 साली अल्बर्ट हॉलमधील कॉफी हाउसला कुलूप लागले, आणि त्याच वर्षी ते निघाले. प्रेसिडेन्सी कॉलेज व कलकत्ता विद्यापीठ यांतील प्राध्यापकांनी सरकारकडे तातडीचा अर्ज केला म्हणून ते वाचले, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. अर्ज केला हे खरेच आहे. तथापि या हकिगतीचा दुसरा अर्धा भाग माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो वाङ्मयप्रेमी लोक घाईने ओलांडतात. बोर्डाच्या निर्णयाने देशभरातील कॉफीगृहांचे वाढपी, स्वयंपाकी, कारकून रस्त्यावर येणार होते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या : 1957 च्या ऑगस्टात बंगळूरला, ऑक्टोबरात दिल्लीला, 1958 मध्ये त्रिचूरला. कलकत्त्याचे कॉफी हाउसही अशाच कामगार संस्थेच्या हाती आले आणि आजतागायत तिच्याकडेच आहे. प्राध्यापकांच्या अर्जाने दार उघडले असेल; ते गेली साठ-सत्तर वर्षे रोज उघडण्याचे काम पगडी आणि पांढरा पोशाख घातलेल्या या माणसांनी केले. बसणाऱ्याला उठवायचे नाही, हा तेथील अलिखित नियमही त्यांनीच पाळला, आणि त्याचा तोटाही त्यांच्याच संस्थेने सोसला.

स्मृतीने मात्र त्यांना वगळले. 1983 साली गौरीप्रसन्न मजुमदार यांनी लिहिलेले, सुपर्णकांती घोष यांनी स्वरबद्ध केलेले आणि मन्ना डे यांनी गायिलेले कॉफी हाउसच्या अड्ड्याचे गीत बंगालमध्ये जवळजवळ लोकगीत झाले आहे. त्यात सात मित्रांची पांगापांग आहे : कोणी परदेशी गेला, कोणी आजारी, कोणी कवी म्हणून वायाच गेला. गीत हृदयंगम आहे. मीही ते अनेकदा ऐकले आहे. पण सातांमध्ये स्त्रिया दोनच, आणि त्यांतल्या एकीची आजची हालहवाल काय, तर नवरा श्रीमंत आहे. कॉफीचे पेले आणून ठेवणारा तर या आठवणीत कोठेच नाही. बैठकीच्या इतिहासात कोणाची नावे टिकतात आणि कोणाची गळतात, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

टेबलांवर जे छापून आले ते जपण्याची सोय थोडी उशिरा झाली. जवळच्याच टेमर लेनमध्ये संदीप दत्त यांनी 1978 साली आपल्या राहत्या घरात लघुनियतकालिकांचे ग्रंथालय सुरू केले आणि 2023 मध्ये निधन होईपर्यंत ते एकहाती सांभाळले. मराठी लघुनियतकालिकांचे अंक शोधणाऱ्या संशोधकाला आजही घरोघर हिंडावे लागते.

ऑस्लोहून आलेल्या प्रवाशाने या सभागृहात बिनदुधाची कॉफी मागायची झाल्यास तिला येथे 'इन्फ्युजन' म्हणतात, एवढे ठाऊक असले की पुरे. ती पातळ असते, कडवट असते, आणि कोणत्या डोंगरावरची आहे हे आणून देणारा सांगत नाही. त्याला कोणी विचारीतही नाही. वरच्या सज्जात जागा मिळाली तर खालची सारी टेबले दिसतात. आवाज मात्र एकाही टेबलाचा स्वतंत्र ऐकू येत नाही. बिल मागितल्याशिवाय सहसा येत नाही.