गळाची काठी आणि फिरकी

गेल्या दिवाळींत माझ्या नातवानें मला एक प्रश्न विचारला. चार मित्रांसह तो मालवणास जाणार होता आणि तेथें खाडींत गळानें मासे धरण्याचा त्यांचा बेत होता. “आजोबा, काठी कोणती घेऊं आणि फिरकी कोणती?” समुद्रापासून इतक्या दूर, तलवाड्यासारख्या गांवीं हयात घालविलेल्या शाळामास्तराला हें विचारावें, याचें घरांत सर्वांना हंसूं आलें. मी मात्र हंसलों नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

ह्या विषयावरचा आपल्याकडील जुना आणि मोठा आधार आमच्याच मुलखावर राज्य करणाऱ्या एका राजाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल म्हणत, त्यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ चा निर्देश आहे. राज्यकारभार, पाकशास्त्र, गायन यांच्या जोडीला त्यांत ‘मत्स्यविनोद’ असें एक प्रकरण आहे. समुद्रांतल्या व नद्यांतल्या पस्तीस जातींचे मासे, त्यांचें खाद्य, दोरी, गळ, आमिष हें सर्व राजानें तेथें सांगितलें आहे. इंग्रजींतला गळावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा, आणि वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक १६५३ चें. आपला ग्रंथ मात्र पोथ्यांतच पडून होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेनें तो छापावयास घेतला तो १९२५ सालीं, आणि मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं ह्या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला तो १९५१ सालीं. मला त्यांतली एक गोष्ट फार आवडते. राजा आरंभींच काठी हातांत घेत नाहीं. मासा कोणता, तो राहतो कोठें आणि खातो काय, हें तो आधीं पाहतो.

इंग्रज साहेबांनीं नेमकें उलट केलें. थंड नद्यांतल्या सामन माशासाठीं बनविलेल्या काठ्या आणि गळ पेट्यांत भरून ते येथें आले. येथें त्यांची गांठ महाशीराशीं पडली. ह्याच कुळांतला एक मासा कर्नल साइक्स यानें पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत पाहिला व १८३९ सालीं त्यास ‘खुद्री’ असें नांव दिलें. दख्खनच्या माशांना नांवें देतांना तो पुष्कळदां येथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलीत असे. महाशीराच्या जबड्यांत दांत नसतात, पण त्याचें तोंड असें बळकट कीं सामनचे नाजूक गळ तो चिरडून टाकी. शिवाय गळ लागतांच त्याची पहिली धांव अशी कीं आंखूड दोर तुटलाच म्हणून समजावें. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलें, तें ह्याच अनुभवांवर उभें आहे. मोठी फिरकी व तीवर भरपूर दोर, ही येथें चैन नसून गरज होती.

हवेनेंही साहेबांना धडा दिला. रेशमी दोर दमटपणानें कुजत. रेशीमकिड्याच्या आंतड्याचा तंतु कोरड्या उष्णतेंत ठिसूळ होई. बांबूच्या चिरफाळ्या सरसानें जोडून केलेल्या उंची काठ्यांचा सरस पावसाळ्यांत सुटे. तेव्हां कित्येक अनुभवी शिकाऱ्यांनीं विलायती काठी खुंटीस टांगून हिमालयांतील रिंगाळाची अखंड काठी हातीं धरली. आमचे गोदाकांठचे भोई दुसरें काय वापरीत होते?

फिरकीची कथा निराळी आहे. मासेमारीच्या फिरकीचें फार जुनें चित्र चीनमधील मा युआन या चित्रकाराचें, सुमारें ११९५ सालचें. त्या जातीची फिरकी स्वतः फिरते आणि दोर सोडते. पुढें १९०५ सालीं इलिंगवर्थ नांवाच्या इंग्रज लोकर-गिरणीवाल्यानें स्थिर रिळाची फिरकी काढली. गिरणींतील बॉबिनच्या टोकावरून सूत जसें सुटतें, तसा तिचा दोर सुटतो. हलकें आमिष दूर फेकणें तेव्हांपासून नवशिक्यासही साधूं लागलें.

आतां माझी गोष्ट. मी निवृत्त झालों त्या वर्षीं मुलानें मला अशीच एक चकचकीत फिरकी भेट दिली. ती घेऊन मी रत्नागिरीकडच्या एका खाडीवर दोन दिवस बसलों आणि परत येऊन ती तशीच पिशवींत टाकली. पुढल्या वर्षीं नातू बरोबर होता. दहा वर्षांचा असेल. त्याच्या गळाला जिताडा लागला. माशानें धांव घेतली, आणि ताणाखालीं दोर सुटूं देणारा ब्रेक मिठानें धरला होता तो हालेना. दोर तुटला. पोर रडलें नाहीं. माझ्याकडे नुसतें पाहत राहिलें. तें पाहणें मी विसरलों नाहीं.

म्हणून ह्या खेपेस मीं त्यास सविस्तर सांगितलें. काठी सात-आठ फुटांची, मध्यम ताकदीची. काचतंतूची असली तर बोटींतले धक्के सोसते. कार्बनची हलकी खरी, पण तिच्यांतून वीज वाहते, तेव्हां तारांखालीं व गडगडाटांत ती उभी धरूं नये. फिरकी स्थिर रिळाची, खाऱ्या पाण्यासाठीं बनविलेली, दोनशे मीटर दोर मावेल अशी. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, यास्तव दोराच्या शेवटीं जाड नायलॉनचा तुकडा जोडावा. आणि रोज संध्याकाळीं गोड्या पाण्यानें हलकेंच धुवावें.

“तुम्ही गोदावरीवर काय वापरीत होतां?” असें त्यानें विचारलें. मीं माळ्यावरची बांबूची काठी काढून दाखविली. तिला फिरकी नाहीं. दोरी टोंकालाच बांधलेली, आणि तरंगावयास जोंधळ्याच्या ताटाचें भेंड. १९७६ सालीं पैठणचें धरण पुरें झालें आणि आमच्या बाजूचें नदीचें वागणें पालटलें. धरणानें शेतांना पाणी दिलें, हेंही खरेंच. त्यानंतर ती काठी मीं क्वचितच खालीं काढली.

नातू मालवणाहून परतला तेव्हां मासा किती मोठा लागला, हें मीं विचारलें नाहीं. फिरकी धुतलीस का, एवढेंच विचारलें.

“दोनदां, आजोबा,” तो म्हणाला.