टेबलावर आहे तेवढेच

तीन पत्ती पाठ असलेल्या माणसाला टेक्सास होल्डेम शिकायला बसवले की पहिली ठेच ठरलेली. आपला सिक्वेन्स लागला म्हणून तो खुशीत पाने उघडतो, आणि समोरचा रंग दाखवून पैसे ओढून नेतो. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाच्या वर, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सच्या वर. यात लहरीपणा काही नाही. ५२ पानांतून तीन उचलली तर साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे जमतो आणि रंग १,०९६ प्रकारे. पाच पाने घेतली की पारडे फिरते: रंग ५,१०८, सिक्वेन्स १०,२००. दुर्मीळ ते वरचढ, एवढाच न्याय. (आपल्या तीन पत्तीने तो पुरता पाळलेला नाही. ट्रेल ५२ प्रकारे लागते, प्युअर सिक्वेन्स फक्त ४८. तरी मान ट्रेलचाच!)

बाकी नियम अर्ध्या तासात येतात. वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे पाने न बघताच ठरलेली रक्कम टाकतात. आपल्या बुटासारखेच, पण दोघांपुरते. मग प्रत्येकाला दोन पाने पालथी, आणि बोली. मधोमध तीन पाने उघडतात, पुन्हा बोली. चौथे, बोली. पाचवे, शेवटची बोली. ती पाच पाने सगळ्यांची. त्यांतली आणि आपली दोन मिळून सात, त्यांतून उत्तम पाच जुळवायची. आपली दोन्ही वापरा, एक वापरा, नाहीतर एकही नको. (ओमाहा हा याचाच भाऊ. त्यात हातात चार पाने, पण त्यांतली नेमकी दोन वापरावीच लागतात.)

हा मधला सामाईक ढीग आला कुठून? पोकर वाढले न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर. सुरुवातीला २० पानांचा जोड, चार खेळाडू, प्रत्येकी पाच. सगळी पाने संपली. पुढे ५२ पाने आली, नको ती पाने बदलून घेण्याची सोय आली, त्याला ड्रॉ पोकर म्हणू लागले. १८७२ साली लंडनमधले अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट शेंक यांनी तिथल्या उमराव मंडळींसाठी त्याचे नियम लिहून दिले आणि ते छापलेही गेले. हेच महाशय एमा नावाच्या चांदीच्या खाणीचे शेअर इंग्रजांना विकण्याच्या भानगडीत गुंतले आणि १८७६ मध्ये त्यांची राजदूतकी संपली.

होल्डेम मात्र टेक्सासचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. तिथल्या विधिमंडळाने २००७ साली ठराव करून रॉब्सटाउन या गावाला त्याचे जन्मस्थान मानले आहे. त्याची सोय हिशेबातच दिसते. सात पानांच्या स्टडला आठ जण बसले तर ५६ पाने लागतील, जोडात तेवढी नाहीतच. होल्डेममध्ये दहा जण आरामात बसतात. शिवाय ड्रॉ पोकरमध्ये बोली दोनदा, इथे चारदा. १९६३ च्या सुमारास कॉर्की मॅककॉर्कोडेल या टेक्सासकराने हा खेळ लास वेगासला नेला. १९७० साली बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत पोकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली, आणि १९७१ पासून तिच्या मुख्य सामन्यात हाच खेळ ठरला.

काही नियम म्हणजे जुन्या लबाडीचे व्रणच. मधली पाने उघडण्याआधी दरवेळी वरचे एक पान बाजूला टाकतात, त्याला ‘जाळणे’ म्हणतात. का? खूण केलेले वरचे पान कोणी पाठीवरून ओळखले, तरी त्याचा उपयोग होऊ नये म्हणून.

पण माझ्या मते सगळ्यांत शहाणा नियम वेगळाच. डाव सुरू झाल्यावर खिशात हात घालायचा नाही; टेबलावर आहे तेवढेच लावायचे. समोर ५०० असतील आणि बोली २,००० वर गेली, तर ५०० लावून थांबायचे. जिंकलात तर प्रत्येकाकडून तेवढ्यापुरतेच मिळेल, वरच्या पैशांचा निकाल बाकीचे वेगळा लावतील. हा नियम नव्हता तेव्हा, चांगली पाने हातात असलेल्या गरिबाला धनवान नुसत्या पैशाने उठवू शकत असे, नाहीतर त्याला घरदार लावायला भाग पाडत असे.

सभापर्वातले द्यूत आठवा. धर्मराजाने रत्ने, हत्ती, राज्य घालवल्यावर भाऊ लावले, मग स्वतःला, मग द्रौपदीला. पणाला काय लावता येते याला तिथे सीमाच नव्हती. आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का, हा द्रौपदीचा प्रश्न धर्माचा तर होताच, पण खेळाच्या नियमाचाही होता. भीष्मांनाही उत्तर देता आले नाही.

हे सारे जगभर शिकवले ते कॅमेऱ्याने. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आणि पुढे अमेरिकेत खेळणी बनवणाऱ्या हेन्री ओरेन्स्टीन यांनी, पालथी पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलाचे पेटंट घेतले. लोक घरबसल्या शिकू लागले. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरून पात्र ठरून मुख्य सामन्यात उतरला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ८,७७३.

आपल्याकडे जत्रेतला गडगडा कोणाला शिकवावा लागला नाही. पोकर बोटीतून आले. १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ. फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली. मोबाईलवरचा पैशांचा खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद ठरवला.

मांडवीतल्या जहाजांकडे पाहताना मला तो टेबलाचा नियम आठवतो, आणि त्यातली फटही. पोकरमध्ये घर कोणाविरुद्ध खेळत नाही. कोणीही जिंको, प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते. आणि खिशात हात न घालण्याचे बंधन एका डावापुरतेच. डाव संपला, पुढची पाने वाटायची आहेत, एवढ्या वेळात हवी तेवढी नाणी विकत घेता येतात. ती विकणारा शेजारीच उभा असतो.